गाडी दाखवण्याचा कार्यक्रम

आयुष्यात मी गाढवपणा बराच केला, पण त्यातला एक असा आहे की तो करताना मला स्वतःचं फार कौतुक वाटत होतं. ठोकलेली गाडी बघायला विमा कंपनीचा सर्व्हेअर येणार होता, म्हणून मी ती गाडी आदल्या दिवशी ठोकून सरळ केली, पुट्टी भरली, धुऊन पुसून लखलखीत केली आणि वर झेंडूची माळ घालून अंगणात उभी केली. नुकसान कुठंही दिसू नये याची इतकी काळजी घेतली की भरपाई द्यायला आलेल्या माणसाला भरपाई कशाची द्यायची तेच सापडेना.

तेव्हा माझं गणित मात्र पक्कं होतं. आमच्याकडं दारात पाहुणा काही बघायला येणार म्हटलं की एकच प्रकार मला माहीत, दाखवण्याचा कार्यक्रम. माझ्या कपाळावर लहानपणी दावणीवर आपटून पडलेली खोक आहे. निरवांगीला माहेरी मला बघायला यायचे तेव्हा आई केसांची बट ओढून ती झाकायची. यांना ती खोक लग्नानंतर बऱ्याच दिवसांनी दिसली.

"ही कवा पडली?"

"लग्नाच्या आधी."

"मग दाखवली का न्हाय?"

"दाखवायची आसती तर बट कशाला ओढली आसती?"

जिचं स्वतःचं लग्नच असं पुट्टी भरून झालेलं, तिनं गाडीच्या बाबतीत दुसरं काय करायचं?

गाडी माझ्या नावावर होती. घेतली तेव्हा हे म्हणाले, "लक्ष्मीच्या नावावर आसू द्या." शोरूममध्ये मला भरून आलं. बावळटासारखी डोळे पुसत मी सांगतील तिथं सह्या केल्या. मालकीण म्हणून पुढं त्या गाडीत मला मिळालं काय, तर दसऱ्याला तिला हळदकुंकू लावायचा मान, आणि मागच्या सीटवर दळणाच्या डब्याशेजारची जागा. चालवायचे हे. पुढं बसायचे यांचे मित्र.

विम्याविषयीची माझी समजूत भिशीवरून आलेली. भिशीत दर महिन्याला टाकायचं, कधीतरी आपला नंबर लागतो. विम्यात दर वर्षाला टाकायचं आणि नंबर काही लागत नाही, म्हणजे ही भिशी चालवणारी बाई लबाड आहे, एवढाच मी अर्थ काढला होता. पॉलिसीचा कागद गाडीच्या पुढच्या कप्प्यात गणपतीच्या फोटोमागं ठेवायची. दोघांचं काम एकच, अपघात होऊ द्यायचा नाही. त्यातल्या त्यात फोटोवर माझा विश्वास जास्त होता.

मग मुलाचं लग्न झालं आणि सून आली ती लायसन घेऊनच. मुलगा चाकणला कंपनीत, शनिवार-रविवार घरी यायचा. सून बारामतीला रक्त तपासायच्या लॅबमध्ये कामाला. निमगाव केतकीहून एसटीनं जायचं म्हणजे पहाटे उठून स्टँडवर उभं राहायचं आणि संध्याकाळी परतीच्या गाडीसाठी कुणाच्या तरी पिशव्यांवर डोळा ठेवत ताटकळायचं. काही महिन्यांनी तिनं सरळ यांना विचारलं, "मामा, गाडी दारातच उभी असते, मी नेऊ का?" हे इतके गांगरले की हो म्हणून बसले. भावकीत बोलणं सुरू झालं, "तात्याची सून गाडी पळवती." मला त्या बोलण्याचं काही नव्हतं, कारण सून मला पुढच्या सीटवर बसवायची. डोळ्यांच्या डॉक्टरकडं म्हणून आम्ही दोघी बारामतीला जायचो. डोळे दहा मिनिटांत तपासून व्हायचे आणि उरलेला दिवस आइस्क्रीम, साड्यांची दुकानं आणि परतीच्या वाटेवर गरम भजी. माझे डोळे त्या वर्षी फारच बिघडले होते.

गळिताचा हंगाम होता. एका संध्याकाळी शेळगावच्या अलीकडं उसाची ट्रॉली रस्त्यातच उभी होती, मागं दिवा नाही, लाल फडकं नाही. सुनेनं स्टेअरिंग वळवलं, ट्रॉली चुकवली, आणि गाडी कडेच्या पेरूवाल्याच्या रिकाम्या टपरीशेजारच्या लोखंडी खांबावर गेली. तिला खरचटलंही नाही. बॉनेट दुमडलं, बंपर फाटला, एक हेडलाइट फुटला. हळूहळू गाडी तिनंच घरी आणली.

यांनी आधी गाडीला एक पूर्ण प्रदक्षिणा घातली, मग विचारलं, "लागलं का?" ते सुनेला विचारलं की गाडीला, हे आमच्या घरात अजून ठरलेलं नाही. मग हात पुढं केला.

"चावी."

तिनं दिली. यांनी ती बंडीच्या आतल्या खिशात टाकली. "इमा भरतुया नव्हं आपण? क्लेम पास झाला तर बघू. न्हाय झाला तर एसटी हाय."

सुनेनं अंगणातच उभं राहून कंपनीला फोन लावला, काय सांगितलं ते आत मला ऐकू आलं नाही, आणि आत येऊन मला म्हणाली, "आत्या, परवा सर्व्हेअर येईल. तोवर गाडीला कुणीही हात लावू नका." दुसऱ्या दिवशी सकाळी अंधारातच डबा घेऊन ती स्टँडकडं गेली. तिच्या त्या चावी नसलेल्या हाताकडं मला बघवेना. तिची चावी गेली होती आणि माझी पुढची सीट. दुःख दोघींचं होतं, माझं जरा जास्तच होतं.

गाडीला हात लावू नका, हे मी नीट ऐकलं होतं. पण सून सांगते ते सगळं ऐकायचं, तर मग मी सासू कशाला झाले?

बाजारात पेट्या आणि कणग्या ठोकणारा एक पत्रेवाला आहे, त्याला बोलावलं. तो गाडीकडं बघून म्हणाला, "वहिनी, आतलं काय बी सरळ हुणार न्हाय. वरनं चकाचक दिसंल."

"वरचंच बघायचंय."

त्यानं बॉनेट ठोकलं, फाटलेला बंपर भंगारातल्या तुकड्यानं सांधून पुट्टी भरली, रंग मारला. हेडलाइट दुसऱ्याच कुठल्या तरी गाडीचा आणून बसवला. तो जरा चकणा आला, म्हणून त्या बाजूनं मी झेंडूची माळ सैल सोडली. माझ्या आईची बटच ती. फुटलेली काच, फाटका बंपर सगळं गोठ्यामागं उकिरड्यावर टाकलं आणि वरून शेण टाकून झाकलं. चोरही इतकं बेमालूम काम करत नसतील.

आता राहिला प्रश्न, गाडी कुणी ठोकली म्हणून सांगायचं? सुनेनं ठोकली म्हटलं तर कंपनीवालाही म्हणणार, बाईच्या हातात दिलीच कशाला. मी यांना बसवून घेतलं.

"तुमी चालवत हुता म्हणायचं."

"मी?" हे उखडले. "दोन ट्रॉल्या लावून ट्रॅक्टर मागं घेतुया मी. आन् मी पेरूच्या टपरीपाशी खांबाला ठोकीन व्हय?"

"तुमी ठोकली तर लोकं म्हणत्याल, ट्रॉलीवाल्याची चूक. सुनंनं ठोकली तर म्हणत्याल, सुनंची चूक."

यांना ते लगेच पटलं. पटलं याचा मला राग यायला हवा होता. तेव्हा मी स्वतःच्या हुशारीवर इतकी खूश होते की राग यायचं राहूनच गेलं.

सर्व्हेअर आला. सडपातळ, तरुण, हेल्मेटमुळं केस चप्प बसलेले. सून लॅबला गेली होती, ते मला बरंच वाटलं. मी पोह्यांची ताटली घेऊन डोक्यावरचा पदर सावरत पुढं झाले. हे पांढरेशुभ्र कपडे घालून खुर्चीत बसले होते, मुलीच्या बापासारखे. सर्व्हेअरनं गाडीभोवती चक्कर मारली आणि थांबला.

"काकू, अपघात झालेली गाडी कुठंय?"

"हीच की."

"मग ही एवढी खूश का दिसतीय?"

त्यानं माळ बाजूला सारली. चकणा डोळा उघडा पडला. बॉनेटवर बोटांनी टकटक केलं, तर मडक्यासारखा आवाज आला. मग बॉनेट उचललं. आतली पट्टी वाकडीतिकडी, जाळी चेपलेली.

"म्हंजे आत अपघात झालाय आन् भाईर लगीन लागलंय," तो म्हणाला. "काकू, आधी आमी बघायचं, फोटो काढायचं, मग दुरुस्ती. तुमी उलटं केलंय. बरं, गाडी कोण चालवत होतं?"

"हे," मी ठणकावून सांगितलं.

हे खोकले.

त्यानं ड्रायव्हरच्या दाराची काच खाली होती तिथून आत डोकावून बघितलं. "तात्या, जरा बसून दाखवता का?"

सून चणीनं लहान. सीट तिनं पार पुढं ओढलेली, आणि तिनं गाडी लावल्यापासून तिथं कुणी बसलेलं नव्हतं. आमच्या पत्रेवाल्यानंही गाडी जागेवरच ठोकली होती. हे सहा फूट, आणि पोट त्या सहा फुटांच्या हिशेबापेक्षा बरंच पुढं. एक पाय आत गेला. दुसरा ओढून घेतला तर गुडघे वर अडकले. कसेबसे बसले तेव्हा पोट स्टेअरिंगवर टेकलं आणि हॉर्न वाजायला लागला, तो थांबेचना. कोंबड्या उधळल्या. शेजारची म्हातारी भिंतीवरून बघायला लागली. आतून हे ओरडत होते, "दार उघडा! आगं दार उघड!"

ओढून बाहेर काढलं तेव्हा सर्व्हेअरनं अगदी आदरानं विचारलं, "तात्या, शेळगावपासनं असाच हॉर्न वाजवत आला का?"

यांनी टोपी झटकली.

"लायसन दाखवा."

यांच्या पाकिटातून जे निघालं ते वाळलेल्या पापडासारखं होतं. मुदत संपली तेव्हा मुलगा अजून कॉलेजात होता. इतकी वर्षं हे तसंच चालवत होते, कारण रस्त्यावर यांना सगळे ओळखतात आणि ओळख म्हणजेच लायसन अशी यांची समजूत. मला वाटलं, आता गप्प बसावं. पण गप्प बसण्याची मला तेव्हा सवयच नव्हती.

"न्हाय न्हाय, मुलगा चालवत हुता. मी विसरले."

"काकू, घरात अजून किती माणसं हायती? सगळी एकदाच रांगेत उभी करा, मी निवडतो." त्यानं खिशातून फोन काढला. "हे बघा. परवा फोन आला तवाच तुमच्या सुनेनं स्वतःचं नाव सांगितलंय. लायसनचा नंबर बी दिलाय. आता तिचं खरं धरू का तुमचं? बोलणं जुळलं न्हाय तर क्लेम इथंच अडकणार. आन् तुमचं खरं धरलं, तर तात्यांकडं चालू लायसनच न्हाय. मग क्लेम न्हायच."

जिची चावी परत मिळवायला मी हा सगळा तमाशा मांडला होता, तिला मीच जन्मभराचा एसटीचा पास काढून देत होते. आणि तिनं तर पहिल्याच दिवशी, न घाबरता, खरं सांगून टाकलं होतं.

"पण सून म्हटल्यावर..." मी चाचरत म्हणाले, "कंपनी देती व्हय?"

तो माझ्याकडं बघतच राहिला. मग पायरीवर बसला, पोहे घेतले आणि लहान मुलाला सांगावं तसं सांगायला लागला. "काकू, इमा माणसाचा नसतो, गाडीचा असतो. मालकिणीच्या परवानगीनं, चालू लायसन असलेलं कुणीबी चालवू द्या. सून चालवू द्या, लेक चालवू द्या, भिंतीवरच्या त्या आजी चालवू द्यात. कंपनी नातं इचारत न्हाय, लायसन इचारती."

"पर लोकं..."

"लोकांचा इमा आमच्याकडं न्हाय."

दुपारच्या एसटीनं सून आली. सर्व्हेअर येणार म्हणून अर्धी रजा टाकली होती तिनं. अंगणात पाय ठेवला आणि झेंडूची माळ बघून तिथंच थांबली.

"आत्या, हे काय?"

"दाखवण्याचा कार्यक्रम," सर्व्हेअरनंच उत्तर दिलं. "ताई, जरा सीटवर बसा."

ती बसली. पाय बरोबर ब्रेकवर, हात बरोबर स्टेअरिंगवर, सगळं आपापल्या जागी. उतरून तिनं फोन पुढं केला. खांबापाशीच तिनं फोटो काढले होते, दुमडलेलं बॉनेट, फुटलेली काच, पुढं उभी उसाची ट्रॉली, सगळं होतं. दोन दिवस ते तिच्याजवळ होतं. आम्ही तिला विचारलंच नव्हतं.

"हे चांगलं झालं," तो म्हणाला. "जुने पार्ट कुठं हायत? टाकलं न्हाईत ना?"

मी गोठ्याकडं बघितलं. सुनेनं माझ्याकडं बघितलं. मग आम्ही सगळ्यांनी यांच्याकडं बघितलं. पांढरेशुभ्र कपडे घातलेले आमचे तात्या फावडं घेऊन उकिरडा उकरायला गेले. आधी हेडलाइट निघाला, मग अर्धा बंपर, त्याला वैरणीची चिपाडं चिकटलेली. सर्व्हेअरनं नाकाला रुमाल लावून प्रत्येकाचा फोटो काढला.

चहा झाला तेव्हा त्याचा आवाज निवळला होता. त्यानं अजून कागदावर काही लिहिलं नव्हतं. माझ्याकडून खरं काय ते एकदा सरळ वदवून घेतलं आणि मगच लिहायला घेतलं. पत्रेवाल्याच्या कलाकुसरीचे पैसे मिळणार नाहीत, प्लास्टिकचे निम्मेच मिळतील, सुरुवातीची थोडी झळ आपलीच, पण बाकी क्लेम पुढं जाईल, असं म्हणाला. सुनेचे खांदे सैल झाले. ती यांच्या खिशाकडं बघत होती. हे चिखलाचे हात पुसत म्हणाले, "पास झाल्यावर बघू."

मी तेवढ्यात उगीचच मोठेपणा घेतला. "गाडी माझ्या नावावर हाय. माझा बी इमा हाय त्यात, शोरूमवाल्यानं सांगितलं हुतं. मी मेले तर घरच्यांला मिळतंय."

"ते मालक स्वतः चालवत असला तर, काकू. तुमचं लायसन?"

"मला कशाला लायसन?"

"मग त्या कलमाचा तुमाला उपयोग न्हाय."

म्हणजे इतकी वर्षं मी माझ्या मरणाचे पैसे भरत होते, आणि मला त्या गाडीत मरायची परवानगीच नव्हती.

"त्यापेक्षा हे ऐका," तो कप खाली ठेवत म्हणाला. "तात्या बिनलायसनचं चालवत होते. त्यांनी वाटेत कुणाला उडवलं असतं, तर त्या माणसाला भरपाई द्यायला कोर्ट कंपनीला लावू शकतं. थर्ड पार्टी म्हणत्यात ते हेच, समोरच्या माणसाचं. पण मग कंपनी ते पैसे मालकाकडनं वसूल करती."

"म्हंजे यांच्याकडनं."

"मालकाकडनं, काकू. कागदावर तुमी हाय."

शोरूममध्ये डोळे पुसत सह्या करणारी ती बाई माझ्यासमोर उभी राहिली. लक्ष्मी म्हणे! ठोकणार हे, आणि वसुलीला दारात उभी राहणार लक्ष्मी. मी उठले, परक्या माणसादेखत, सुनेदेखत, भिंतीवरच्या म्हातारीदेखत यांच्या बंडीत हात घातला आणि चावी काढली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण चारचौघांत यांच्या छातीला मी पहिल्यांदाच हात लावत होते. हे इतके दचकले की अडवायचं विसरले.

"आगं, पास तर हू दे..."

"वसुली माझ्याकडं येणार आसंल तर चावी बी मीच ठरवीन कुणाला द्यायची. तुमी आधी लायसन काढा, मग बोलू."

चावी सुनेच्या हातात दिली. तिनं ती घट्ट धरली, आणि मान खाली घालून हसली. हे गोठ्याकडं गेले, म्हणे बंपरचा एक तुकडा राहिलाय.

क्लेम झाला. पुढच्या वर्षी हप्त्यात मिळणारी सवलत गेली, तेवढं यांनी बरेच दिवस पुरवून पुरवून बोलून दाखवलं. लायसन मात्र गुपचूप नवीन करून आणलं. आणि मी? मला ते मरणाचं कलम पचेना. पैसे भरते आहे तर हक्कानं मरेन, म्हणून बारामतीला आरटीओत जाऊन कॉलेजच्या पोरापोरींच्या रांगेत बसले, परीक्षा दिली, सुनेनं शिकवलं तसं रिव्हर्स घेतलं आणि लायसन काढलं. भावकीत आता "तात्याची सून गाडी पळवती" असं कुणी म्हणत नाही. म्हणतात, "तात्याची म्हातारी आली, पोरं आत घ्या."

मधे काही वर्षं गेली, नात झाली, ती शाळेत जायला लागली. परवा तिला शाळेतून घेऊन आले आणि आमच्याच फाटकाच्या खांबाला गाडीचा गाल घासला. नात टाळ्या वाजवत आत पळाली. मी इकडंतिकडं बघितलं, कुणी नव्हतं. हात आपोआप डिक्कीतल्या फडक्याकडं गेला, आणि मी तो ओरखडा पुसायला वाकले. ओट्यावरून सुनेचा आवाज आला.

"आत्या, ते फडकं आधी खाली ठेवा. आणि मामाच चालवत होते असं म्हणायचं असेल तर लगेच सांगा, सीट मागं सरकवायला लागेल."